५० कॅलिबर म्हणजे नेमकं किती? ठासणीच्या रायफलीसाठी गोळी आणि सॅबो जुळवताना

नळीवर कोरलेलं असतं '५० कॅलिबर'. गोळ्यांच्या डबीवर असतं '४५'. सॅबोच्या, म्हणजे गोळीभोवती बसणाऱ्या प्लास्टिकच्या वाटीच्या, पाकिटावर '५०/४५' आणि त्याखाली बारीक अक्षरांत ०.४५१-०.४५२. ठासणीच्या रायफलीने शिकार करायला निघालेला माणूस पहिल्यांदा अडकतो तो या तीन आकड्यांपाशी. ५० च्या नळीत ४५ ची गोळी कशी चालते? मग ४४ ची पण कशी चालते? आणि दोन्ही डब्यांवर '४५' लिहिलेलं असताना एका डबीतली गोळी ठासायच्या गजाखाली सरळ उतरते, तर दुसरीतली अर्ध्यावर का अडते?

या प्रश्नांची उत्तरं एका ५० कॅलिबरच्या इन-लाइन (पेटवणारी टोपी दारूच्या सरळ मागे बसते अशा) रायफलीवर काम करताना टप्प्याटप्प्याने मिळत गेली. आट्यांचा, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांचा, पीळ २८ इंचांत एक फेरा आणि काम हरणाच्या मोसमासाठीचं. क्रम आम्ही केला तसाच ठेवला आहे, कारण या कामात क्रमालाच महत्त्व आहे. आधी नळी मोजायची, मग गोळी, मग सॅबो. बंदुकीची दारू आणि निशाणा त्यानंतर. बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. शंभर यार्डांवर गोळ्या झाडतात, विखुरल्या की दारू बदलतात, मग दुर्बीण बदलतात, आणि सॅबोकडे सगळ्यात शेवटी पाहतात.

सॅबो म्हणजे प्लास्टिकची छोटी वाटी. तळाला जाड बूड, वर तीन किंवा चार पाकळ्या, आणि पाकळ्यांच्या मध्ये गोळी. मूळ शब्द फ्रेंच, लाकडी जोड्याचं नाव. शेवटचा 'ट' उच्चारायचा नाही. गोळी नळीपेक्षा लहान असते, ती फट सॅबो भरून काढतो. आट्यांत रुतून तो गोळीला फिरवतो, दारूचा वायू मागे अडवतो आणि नळीतून बाहेर पडताच हवेच्या दाबाने पाकळ्या उघडून मागे गळून पडतो. टोनी नाइट यांनी १९८५ साली एमके-८५ ही इन-लाइन रायफल आणली. अशा रायफली पसरल्या तसा अमेरिकेतल्या ठासणीच्या मोसमात (फक्त ठासणीच्या बंदुकांसाठी राखलेल्या शिकारीच्या काळात) सॅबो आणि पिस्तुलाची गोळी हा जोड रुळला. जलद पिळाच्या नळीला लांबट गोळी हवी होती आणि ती पिस्तुलाच्या गोळ्यांत तयारच मिळत होती.

नळी मोजणं

'५०' हे नाव आहे, माप नाही. आट्यांचे उंचवटे एकमेकांसमोर असतात, त्यांच्यामधलं अंतर साधारण अर्धा इंच असतं, एवढाच त्या नावाचा अर्थ. प्रत्यक्षात एक नळी ०.५०० निघते, दुसरी ०.५०२. इंचाच्या हजाराव्या भागाला, म्हणजे एका थाउला, कोण विचारतो असं वाटतं. पण सॅबोची पाकळी मुळात पंचवीसेक थाउ जाडीची असते, तिथे दोन थाउ म्हणजे पुष्कळ.

ब्रीच प्लग, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाचं बूच, काढला. रायफल रिकामी आहे हे नळीतून आरपार उजेड पाहून पक्कं केलं. नळी साफ करून आतून तेलाचा पुसट हात दिला. खाचांच्या व्यासापेक्षा किंचित मोठा, शुद्ध मऊ शिशाचा गोळा तोंडाशी ठेवून लाकडी हातोडीने आत ठोकला आणि पितळी गजाने दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत नेला. शिसं मऊच हवं. मिश्रधातूचं कडक शिसं ठोकायला जास्त जोर लागतो, मध्येच अडकतं आणि आकारही नीट घेत नाही. बाहेर आलेल्या गोळ्यावर नळीचा उलटा ठसा असतो. गोळ्यावरचा उंच भाग म्हणजे नळीतली खाच, गोळ्यावरची दबलेली जागा म्हणजे नळीतला उंचवटा. दोन्ही मायक्रोमीटरने मोजले. व्हर्नियर एका थाउपर्यंतच भरवशाचं असतं, म्हणून इथे मायक्रोमीटर घ्यावा. खाचांची संख्या विषम असेल तर समोरासमोर माप मिळत नाही. त्या वेळी अंदाज बांधत बसू नये, सरळ पिन-गेज (ठरावीक व्यासाच्या मोजणीच्या सळया) वापरावे.

या नळीत उंचवटा ते उंचवटा ०.५०१ आणि खाच ते खाच ०.५११ निघालं, म्हणजे प्रत्येक खाच ५ थाउ खोल.

आकड्यांइतकंच महत्त्वाचं असतं ते गोळा ढकलताना हाताला काय लागतं ते. संपूर्ण लांबीभर सारखा विरोध लागला तर नळी चांगली. मध्येच सैल आणि पुढे पुन्हा घट्ट लागलं तर ती जागा गजावर खूण करून ठेवावी. ब्रीचच्या बाजूला सैल जागा असेल तर ती सगळ्यात त्रासदायक, कारण ठासलेली गोळी नेमकी तिथेच बसते आणि तिथेच तिला पकड नसते.

गोळीचं खरं माप

पिस्तुलाच्या गोळ्यांची नावं नळीच्या नावापेक्षाही फसवी. '४४ मॅग्नम' ची गोळी ०.४४ इंचाची नसते. तांब्याचं कवच असलेली ०.४२९ किंवा ०.४३० असते, शिशाची बहुधा ०.४३० ते ०.४३१. '४५ एसीपी' ची ०.४५१. '४५ कोल्ट' आणि '४५४ कॅसुल' च्या कवचाच्या गोळ्या ०.४५१ किंवा ०.४५२. '४०' आणि '१० मिलिमीटर' दोन्ही ०.४००. म्हणून '५०/४४' अशा पाकिटात ०.४२९-०.४३० ची गोळी जाते, ०.४४० ची नाही.

व्यास एकच म्हणून गोळी एकच असं समजू नये. ०.४५१ मधल्या १८५, २०० आणि २३० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं लहान एकक) गोळ्या स्वयंचलित पिस्तुलासाठी असतात. सेकंदाला हजार फुटांच्या आत चालण्यासाठी त्यांचं कवच पातळ ठेवलेलं असतं. ठासणीच्या रायफलीतून तीच गोळी अठराशे फुटांनी निघते आणि जवळच्या हरणाच्या खांद्यावर बसली तर आत शिरण्याआधीच फुटून पसरते. जखम मोठी दिसते, पण उथळ. जनावर लांब पळतं आणि हाती लागत नाही. शिकाऱ्याने ही चूक कधीही करू नये. हॉर्नेडी कंपनीच्या एक्सटीपी गोळ्यांत ०.४५२ ची २५० आणि ३०० ग्रेन, तसंच त्याहून जाड कवचाची 'मॅग' ही मालिका मिळते. ठासणीसाठी याच बाजूने विचार करावा. बार्न्स कंपनीच्या संपूर्ण तांब्याच्या गोळ्या तर ठासणीसाठीच बनवलेल्या असतात. वजनाचा बहुतेक भाग त्या टिकवतात, पण त्यांचा एक वेगळा मुद्दा आहे, तो पुढे लांबीच्या हिशोबात येतो.

०.४५२ आणि ०.४३० यांत निवडताना वजन तेच ठेवून पाहावं. वजनाचे पौंड करायचे (७००० ग्रेन म्हणजे एक पौंड) आणि व्यासाच्या वर्गाने भागायचं, म्हणजे आडव्या छेदावरचा भार मिळतो. ३०० ग्रेनसाठी तो ०.४५२ ला ०.२१० येतो आणि ०.४३० ला ०.२३२. २५० ग्रेन ०.४५२ ला ०.१७५. हा आकडा जितका मोठा तितकी गोळी आत खोल जाण्याची शक्यता जास्त आणि वेग टिकवण्यातही ती पुढे. कागदावर ०.४३० सरस दिसते. तरीही आम्ही ०.४५२ वर थांबलो, आणि त्याचं कारण गोळीत नाही, पाकळीत आहे.

पाकळीचा हिशोब

नळी उणे गोळी, भागिले दोन. एवढंच गणित.

०.५०१ मधून ०.४५२ वजा केले तर ०.०४९ उरतात. प्रत्येक बाजूला साडेचोवीस थाउ. ०.४३० साठी साडेपस्तीस थाउ. ०.४०० साठी साडेपन्नास. पाकळी जितकी जाड तितकं प्लास्टिक जास्त, तितकी गोळी नळीच्या मध्यावरून सरकायची शक्यता जास्त आणि बाहेर पडल्यावर पाकळ्या उघडायला वेळही जास्त. पन्नासच्या नळीत चाळीसची गोळी चालवणारे आहेत आणि त्यांतले काही उत्तम नेम साधतात, पण पहिल्यांदा जोड बसवणाऱ्याने पातळ पाकळीपासून सुरुवात करावी हे आमचं स्पष्ट मत. ४५ कॅलिबरच्या नळीत हाच न्याय लावला तर ०.४०० ची गोळी येते. (०.४५१ उणे ०.४००, दोन्हीकडे साडेपंचवीस.) ५४ च्या नळीत ०.४५२ ची गोळी घातली तर पाकळी ४४ थाउंची लागते आणि हाताला फरक लगेच कळतो.

हे साडेचोवीस थाउ म्हणजे पाकळी बरोबर तेवढीच हवी असं नाही. ती थोडी जास्तच हवी, कारण सॅबो दाबला गेला तरच आट्यांत रुततो. किती जास्त, याचं उत्तर पाकिटावर नसतं, म्हणून मोजावं लागतं. पाकळी थेट व्हर्नियरच्या जबड्यात धरू नये. ती आतून गोल असते, सपाट जबडा गोलाईच्या दोन कडांवर टेकतो आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. त्याऐवजी गोळी सॅबोत पूर्ण बसवायची, पाकळ्यांवरून बाहेरचा व्यास समोरासमोर दोन दिशांनी घ्यायचा. बाहेरून उभ्या धारा असलेला सॅबो असेल तर माप धारांवरून. एका पाकिटातले पाच तरी मोजावेत. दोन दिशांच्या मापांत दोन थाउंपेक्षा जास्त तफावत आली तर तो सॅबो सरावाच्या डब्यात. काचेच्या तुकड्यावर गोळीसकट लोळवला तरी वेडावाकडा सॅबो ओळखू येतो. गोळीचं टोक डोलायला लागतं.

गोळीचं बूड सॅबोच्या तळाला चिकटून टेकलंय का हे उजेडाकडे धरून पाहावं. सपाट बुडाची गोळी सपाट तळाच्या सॅबोत, निमुळत्या बुडाची गोळी तशाच खोलगट तळाच्या सॅबोत. निमुळती गोळी सपाट तळात घातली तर खाली पोकळी राहते. दारू पेटते तेव्हा सगळा दाब त्या पोकळीखालच्या प्लास्टिकवर येतो आणि तळ आत चेपतो किंवा फाटतो.

आता तो एका थाउचा फरक. एकाच सॅबोत ०.४५१ ची गोळी घातली तर बाहेरचं माप ०.५०२ आलं, ०.४५२ घातली तर ०.५०३. दुसऱ्या, उभ्या धारांच्या सॅबोत ०.४५२ सह ०.५०५. तिसऱ्या जाड पाकळीच्या सॅबोत ०.५०९. चारही जोडांच्या पाकिटांवर '५०/४५' हेच छापलेलं होतं.

गजावरचा विरोध

मापं घेतल्यावर दारूशिवाय ठासून पाहिलं. दारू नाही, प्राइमर (दारू पेटवणारी टोपी) नाही, ब्रीच प्लग जागेवर. नळी अल्कोहोलने पुसून तेलाचा अंश काढला, कारण तेलावर कोणताही सॅबो सुरळीत उतरतो आणि खोटा विश्वास देतो. सॅबोला ग्रीस किंवा तेल मुळीच लावायचं नाही. पकड कमी होते आणि तळाशी गेलेलं तेल दारू भिजवतं.

रायफल वजनकाट्यावर उभी केली, तोंड शरीरापासून लांब तिरकं ठेवलं आणि गज दाबताना काटा किती वाढतो ते पाहिलं. पहिले तीन-चार इंच आखूड ठासणीने, पुढचं गजाने. ०.५०२ चा जोड जवळजवळ आपोआप गेला. रायफल उलटी करून कुंद्यावर तळहाताने थाप मारल्यावर गोळी दोन इंच खाली सरकली. हा जोड तिथेच बाद. खांद्यावर रायफल घेऊन दिवसभर चालताना तोंड खाली जातंच. गोळी दारूपासून सुटून पुढे सरकली आणि मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. नेम चुकणं ही त्यापुढे किरकोळ गोष्ट.

०.५०९ च्या जोडाला गजावर हातोडी मारावी लागली. अशा वेळी माणूस म्हणतो घट्ट आहे, चांगलंच आहे. पण हातोडीने गोळीचं टोक चेपतं, पोकळ टोकाची कड दुमडते, पाकळ्या ताणून ओरबाडल्या जातात, आणि गोळी दारूवर दर वेळी वेगळ्या जोराने बसते. शिवाय मोसमात थंडीने बधिर झालेल्या बोटांनी दुसरी फैर भरायची असते.

०.५०३ सैलसर, ०.५०५ बरोबर. त्याला पहिल्या धक्क्यानंतर तीस ते चाळीस पौंडांचा, तळापर्यंत सारखा जोर लागला. या नळीसाठी ते योग्य माप. ०.५०० च्या नळीत हाच जोड त्रास देईल, आणि तिथे गोळी ०.४५१ करून एक थाउ परत मिळवता येतो. ०.५०२ ची नळी असेल तर उलट बाजूने. सॅबो तोच ठेवून गोळीने माप बदलता येतं, किंवा गोळी तीच ठेवून सॅबोने. दोन्ही एकदम बदलले तर नेमकं काय उपयोगी पडलं ते कळत नाही.

गजाच्या टोकाची वाटी गोळीच्या टोकाला जुळते का तेही इथेच पाहिलं. टोकदार पॉलिमरच्या गोळीवर सपाट टोकाचा गज चालवला की टोक वाकतं. त्या गोळीसाठी खोल वाटीचा जोड मिळतो.

पीळ आणि लांबी

गोळी नळीत बसली म्हणजे ती हवेत सरळ उडेलच असं नाही. ग्रीनहिल यांचं जुनं सूत्र इथे अजून कामाला येतं: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले पीळ, म्हणजे सांभाळता येईल अशी गोळीची लांबी इंचांत. व्यास गोळीचा धरायचा, नळीचा नाही. ०.४५२ आणि २८ चा पीळ घेतला तर १.०९ इंच येतात. ४८ चा पीळ असेल तर ०.६४ इंच.

यावरून एक गोष्ट उलगडते. जुन्या धाटणीच्या, ४८ च्या पिळाच्या रायफलीत २५० ग्रेनची गोळी बरी जाते आणि ३०० ची शंभर यार्डांवर कागदात आडवी भोकं पाडते, तेव्हा दोष सॅबोला दिला जातो. खरं तर लांबी पिळाच्या हद्दीबाहेर गेलेली असते. तांब्याच्या गोळीचा मुद्दा तो हाच. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. म्हणून तुलना वजनाने न करता व्हर्नियरवर लांबी घेऊन करावी. ६० किंवा ६६ च्या संथ पिळाची नळी तर चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळ्यासाठीच असते. तिथे ०.४९० चा गोळा आणि दहा-पंधरा थाउंची चिंधी, सॅबोचा विचारच करू नये.

दारू आणि मैदान

ठासणीची दारू आकारमानाने मोजतात. 'शंभर ग्रेन' म्हणजे शंभर ग्रेन काळी दारू जेवढी जागा व्यापते तेवढी. काळ्या दारूऐवजी वापरायची पर्यायी दारू त्याच मापात भरली तरी वजनाने कमी भरते. ब्लॅकहॉर्न २०९ या पर्यायी दारूचं शंभरचं माप वजनाने सत्तर ग्रेनच्या आसपास येतं. वजनकाट्यावर शंभर ग्रेन तोलून भरणं ही धोकादायक चूक आहे. धूररहित काडतुसाची दारू तर कधीच नाही, ती नळी फोडते. सुरुवात ८० च्या मापाने केली आणि दहा-दहाने वर गेलो, रायफलीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या आत.

प्रत्येक वेळी क्रम एकच. दारू मापातून ओतायची, कुप्पीतून थेट नाही. नळीला दोन हलक्या थापा. सॅबो-गोळी दारूवर टेकेपर्यंत ठासायची. गजावर खूण पाहायची. प्राइमर सगळ्यात शेवटी. गजावरची खूण पहिल्याच दिवशी करून घ्यावी, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची. भरलेली खूण तोंडाशी आली नाही तर गोळी टेकलेली नाही, आणि अशी रायफल झाडायची नाही. बार उडाला नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान एक मिनिट थांबायचं.

आधी पन्नास यार्ड, तीन-तीन गोळ्यांचे तीन संच, मग शंभर. एका संचावरून निर्णय घेऊ नये. तीन भोकं योगायोगानेही जवळ पडतात.

सगळ्यात जास्त छळलं ते उष्णतेने. पहिल्या तीन गोळ्या जवळ, चौथी-पाचवी दूर, हे चित्र पुन्हा पुन्हा येत होतं. तापलेल्या नळीत सॅबो ठासला की तो मऊ पडतो. गजाला विरोध कमी लागतो आणि पाकळ्या आट्यांची पकड सोडतात. ब्रीचजवळ नळीला तळहात लावून पाहायचा, ऊब जाणवली तर थांबायचं. दहा ते पंधरा मिनिटं गेली तरी चालतील. शिकारीत पहिली गोळी थंड नळीतूनच जाणार असते, मग सरावही थंड नळीवरच व्हायला हवा.

काही पर्यायी दारूंचा जळका थर ब्रीच प्लगच्या पुढे कडक कड्यासारखा साचतो, नेमका जिथे सॅबो टेकतो तिथे. दुसरी गोळी त्या कड्यावर अडते आणि ठासणाऱ्याला वाटतं की ती दारूवर टेकली. इथेही गजावरची खूण वाचवते. अशी दारू असेल तर प्रत्येक बारानंतर ओलसर चिंधी एकदा खाली-वर, ती उलटून पुन्हा एकदा, मग कोरडी. चिंधी ओलसर हवी, ओली नाही. पाणी ब्रीच प्लगच्या छिद्रात गेलं तर पुढचा बार उडत नाही.

पडलेले सॅबो वाचणं

कागदावरची भोकं काय झालं ते सांगतात, का झालं ते सांगत नाहीत. ते कळतं पडलेल्या सॅबोवरून. मैदानावरचा गोळीबार थांबल्यावर नळीच्या तोंडापुढच्या दहा ते तीस यार्डांत शोधले तर बहुतेक सापडतात. प्रत्येकावर बाराचा क्रमांक लिहून ठेवला.

चांगल्या सॅबोच्या सगळ्या पाकळ्या सारख्या मागे वळलेल्या असतात, बूड अखंड असतं आणि कडेवर आट्यांच्या तिरक्या रेषा स्पष्ट उमटलेल्या असतात. बुडाच्या कडेला वितळल्याची काळी वाट दिसली तर वायू बाजूने निसटला आहे. जोड सैल आहे. बुडाला मध्ये भोक किंवा जळकी खळगी असेल तर दारू त्या सॅबोच्या मानाने जास्त आहे. दहा ग्रेन कमी करावे, किंवा दारू आणि सॅबो यांच्यामध्ये लोकरीची जाड चकती ठेवून पाहावी. एखादी पाकळी मुळातून तुटली असेल तर नळी तापलेली होती, पाकळी पातळ होती किंवा ठासतानाच ती ओरबाडली गेली. एकच पाकळी सरळ आणि बाकीच्या वळलेल्या दिसल्या तर सॅबो एका बाजूने सुटला, आणि त्या बाराचं भोक बहुधा गटाबाहेर असतं. आमच्या ०.५०३ च्या जोडात नेमकं हेच होत होतं. कडेवर आट्यांची रेघ पुसट, बुडाला काळी वाट. ०.५०५ च्या सॅबोवर रेघ ठसठशीत होती. शंभरच्या मापावर बूड शाबूत राहत होतं, ११० वर तळ चेपू लागला. म्हणून शंभरवर थांबलो. सेकंदाला पन्नासएक फूट वेग जास्त मिळून हरणाला काही फरक पडत नाही, सॅबोला पडतो.

थंडीत पुन्हा एकदा ठासून पाहावं. थंडीने माप फारसं बदलत नाही, कारण मधली गोळी धातूची आहे आणि प्लास्टिकचा थर पातळ. प्लास्टिक कडक मात्र होतं. वीस अंश सेल्सियसला चाळीस पौंडांत बसणारा सॅबो गोठणबिंदूखाली जास्त जोर मागतो. सॅबो-गोळ्यांची भरलेली नळकांडी आतल्या खिशात ठेवली तर फरक जाणवतो. आणि रायफल भरून दिवसेंदिवस ठेवू नये. दाबात राहिलेलं प्लास्टिक तसंच बसतं, पकड ढिली होते.

हा सगळा उद्योग करण्याआधी अमेरिकेतल्या त्या त्या राज्याचा नियम मात्र वाचावा. कोलोरॅडोत ठासणीच्या मोसमात सॅबो चालत नाही, दारूच्या तयार वड्याही चालत नाहीत, आणि गोळीची लांबी व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त चालत नाही. तिथे हरणाला किमान ४० कॅलिबर, एल्क आणि मूस या मोठ्या हरणांना ५०. आयडाहोतही ठासणीच्या खास मोसमात सॅबोला बंदी आहे. अशा ठिकाणी नळीच्याच मापाची शिशाची लांबट गोळी लागते. मग पाकळीचं गणित उरत नाही, पण मऊ शिशाच्या गोळ्यावर घेतलेलं उंचवट्याचं माप तसंच कामाला येतं. नियमाची त्या वर्षीची पुस्तिका पाहावी, मागच्या वर्षीची नाही.

नवीन पाकीट उघडलं की पुन्हा पाच सॅबो गोळीसकट मोजायचे. तोच छाप, तेच नाव असूनही दोन थाउंचा फरक आला तर जुनं शून्य (निशाण्याची आधीची जुळणी) धरून मोसमाला जायचं नाही. पाकिटाच्या झाकणावर बाहेरचं माप, गोळीचा व्यास आणि गजाला लागलेला जोर पेनाने लिहून ठेवायचा, आणि मोसमापुरते सॅबो त्याच एका पाकिटातले बाजूला काढायचे.